पाट्यावरची गाडी

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला बजावलं आहे की, "तू त्या अमेरिकन गाडीवर बोल. गुडघ्यांवर आणि नातवंडांवर बोलणारे पुष्कळ आहेत." तेव्हा गाडीवरच बोलतो.

गाडी म्हणजे शेव्हरोले कॉर्व्हेट, झेड-झिरो-सिक्स, २००६ चं मॉडेल. डेट्रॉइटजवळ राहतो, तिथे २०११ मध्ये मी ती जुनी घेतली. इंजिन सात लिटरचं, ५०५ हॉर्सपॉवरचं. आपल्या मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं होतं, म्हणजे इथे बॉनेटखाली जवळजवळ नऊ मारुत्या बसल्यात असं समजा. हे इंजिन तेव्हा मिशिगनमधल्या विक्सम गावी एकेक कारागीर पहिल्यापासून शेवटपर्यंत हाताने जुळवायचा. थांबलेली गाडी ताशी ९६ किलोमीटरवर जायला चार सेकंदही लागत नाहीत. आता सुनील विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. ॲव्हरेज गावात सहा, हायवेला दहा.

कॉर्व्हेट १९५३ मध्ये निघाली. पहिल्या वर्षी फ्लिंट गावात फक्त ३०० गाड्या झाल्या, सगळ्या पांढऱ्या, आतून लाल. अंग पत्र्याचं नाही, फायबरचं. १९८१ पासून ती केंटकीतल्या बोलिंग ग्रीनला तयार होते. कारखान्याजवळच तिचं संग्रहालय आहे. १२ फेब्रुवारी २०१४ ला पहाटे त्या संग्रहालयाची जमीन खचली आणि आठ गाड्या खड्ड्यात गेल्या. आत कोणी नव्हतं म्हणून बरं. त्यातली निळी गाडी वर काढल्यावर सुरू झाली आणि स्वतःच्या चाकांवर बाहेर आली. आमच्या क्लबातली मंडळी ही गोष्ट अशी सांगतात, जशी आपल्याकडे कोणी पुरातून वाचलेल्या गाईची सांगावी.

मालक म्हणून माझा अनुभव काय? पहिलं म्हणजे, ही गाडी घेणारे बहुतेक माझ्यासारखेच पांढऱ्या केसांचे. तरुणांना परवडत नाही, आणि आपल्याला परवडते तेव्हा आत बसताना कंबर धरावी लागते. रस्त्यात समोरून दुसरी कॉर्व्हेट आली की हात करायचा, असा रिवाज आहे. पंधरा वर्षं पंचवटीत राहून शेजाऱ्यांनी मला हात केला नसेल इतक्या वेळा तिथे अनोळखी लोकांनी केला. इंजिनचे फेरे साडेतीन हजारांच्या पुढे गेले की सायलेन्सरच्या झडपा उघडतात आणि असा आवाज निघतो की पोटातलं पाणी हलतं. हळू चालवाल तर आणखी एक गंमत. पेट्रोल वाचावं म्हणून गाडी पहिल्या गिअरमधून दांडा एकदम चौथ्यात ढकलते. पहिलीतून थेट चौथीत! आपल्या वर्गात एवढं हुशार कोणी नव्हतं.

इथे आणशील का, असं दोघातिघांनी विचारलं. नाही आणणार. ती जमिनीला इतकी चिकटून असते की कॉलेज रोडवरच्या पहिल्याच स्पीडब्रेकरवर बसून राहील.

आता अण्णांबद्दल.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे, द्वारकेजवळ माझ्या वडिलांचं पाट्यांचं दुकान होतं. आग्रा रोडने येणाऱ्या ट्रकचे पाटे तुटायचे. अण्णा ते उतरवायचे, भट्टीत लाल करायचे, घणाने बाक द्यायचे आणि पुन्हा चढवायचे. आठवीत शाळेचा एक फॉर्म भरायचा होता. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी लिहिलं, 'इंजिनिअरिंग वर्क्स'. बाईंनी वाचून माझ्याकडे पाहिलं, बोलल्या काही नाहीत. फॉर्मवर सही अण्णांची होती. ते वाचल्याशिवाय कुठेही सही करत नसत.

२०१२ च्या उन्हाळ्यात अण्णा आमच्याकडे आले, चौऱ्याहत्तराव्या वर्षी. गाडीची किंमत मी त्यांना निम्मी सांगितली होती. तेवढ्यावरसुद्धा ते दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "खालून दाखव." मी गाडी जॅकवर घेतली, स्टँड लावले. लेंगा सावरत ते पुठ्ठ्यावर आडवे झाले आणि सरकत आत गेले. बराच वेळ काही आवाज नाही. मला भीती वाटायला लागली. मग आतून हसू ऐकू आलं.

"अरे, हा तर पाटा आहे!"

पाटाच होता. एवढ्या भारी गाडीला पुढे आणि मागे एकेक पाटा, पण आडवा, या चाकापासून त्या चाकापर्यंत. १९६३ मध्ये मागच्या चाकांना असा आडवा लोखंडी पाटा आला. १९८१ मध्ये काही गाड्यांना त्याजागी फायबरचा बसवला. लोखंडी अठरा-वीस किलोचा होता, फायबरचा चार किलोचाही नव्हता. हे सगळं मी इंजिनिअर म्हणून कागदावर वाचलं होतं. अण्णांनी बोटाने ठोकून पाहिलं, कान लावला आणि विचारलं, "एकच पान? बाक कसा देतात याला? भट्टीत तर जळून जाईल." साच्यात घालून भाजतात, असं मी सांगितलं. "म्हणजे एकदाच. पुन्हा बाक नाही. तुटला की फेकला," असं म्हणून त्यांनी मान हलवली. कौतुक होतं की नापसंती, मला कळलं नाही.

पुढच्या रविवारी त्यांना क्लबच्या मेळाव्याला नेलं. ओळीने पन्नासेक गाड्या, मालक खुर्च्या टाकून बसलेले. अण्णा एकेका गाडीखाली वाकून पाटा बघत चाललेले. १९६० च्या दशकातली गाडी असलेल्या एका म्हाताऱ्याला ते आवडलं. त्याने मला विचारलं, वडील काय करायचे? मी सांगितलं, ट्रकचे पाटे करायचे, घणाने, चाळीस वर्षं. त्याने उठून दोन्ही हातांनी अण्णांचा हात धरला.

अण्णांनी मला विचारलं, "काय सांगितलंस त्याला?"

"पाट्यांचं सांगितलं."

"हं," म्हणाले, आणि पुढच्या गाडीखाली वाकले.

जुलै २०१९ मध्ये नवी कॉर्व्हेट जाहीर झाली. इंजिन मागे गेलं, पाटे गेले, कॉइल स्प्रिंग आल्या. मी अण्णांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "काढला? ठीक आहे. आपलं दुकान तरी कुठे राहिलंय." पुढच्या वर्षी मे महिन्यात ते गेले. विमानं बंद होती. मी फोनवरच होतो.

माझी गाडी अजून आहे. नोव्हेंबर ते एप्रिल झाकून ठेवतो, कारण तिकडे बर्फावर मीठ टाकतात. क्लबातले विचारतात, आता नवी कधी घेणार? नव्या गाडीत पाटा नाही, एवढंच मी त्यांना सांगतो.