सही झाली, पण संमती मिळाली का?

(मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी बरेच जण औषधांच्या चाचण्यांशी कुठून ना कुठून जोडलेले आहेत. कुणी डॉक्टर, कुणी स्टॅटिस्टिशियन, कुणी डेटाबेस सांभाळणारे. मीही त्यातलीच. दर काही वर्षांनी संशोधन-नीतिमत्तेचं ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण करायचं आणि सर्टिफिकेट फाइलला लावायचं, हे आपल्या अंगवळणी पडलंय. ते कुठे अपुरं पडतं, हे सांगणारी एक घटना आज मांडते.

नोव्हेंबर २००३. मिनेसोटात डॅन मार्किंगसन या ऐन विशीतल्या तरुणाला तीव्र सायकोसिसमुळे इस्पितळात दाखल केलं. औषधोपचाराबद्दल निर्णय घेण्याची क्षमता त्याच्यात नाही, असं डॉक्टरांचं मत होतं. कोर्टानं सक्तीचा आदेश स्थगित ठेवला, पण उपचारांचा आराखडा पाळण्याच्या अटीवर. त्यानंतर लगेच मिनेसोटा विद्यापीठातल्या एका अभ्यासासाठी त्याची सही घेतली गेली. तीन अँटिसायकोटिक औषधांची तुलना, पैसा अ‍ॅस्ट्राझेनेकाचा, आणि त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टरच तिथले मुख्य संशोधक. आई सहीच्या वेळी हजर नव्हती. पुढे कित्येक महिने ती पत्रं लिहून, फोन करून सांगत राहिली की मुलगा बिघडत चाललाय, त्याला बाहेर काढा. मे २००४ मध्ये डॅननं आत्महत्या केली.

कागदोपत्री मात्र सगळं ठीक होतं. २००५ मध्ये एफडीएच्या तपासणीतही ठपका आला नाही. मृत्यू अभ्यासामुळेच झाला, असंही कुणी सिद्ध केलेलं नाही. पण २०१५ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांनी या प्रकरणात गंभीर नैतिक प्रश्न आणि हितसंबंधांचा संघर्ष दिसतो, असं स्पष्ट लिहिलं. विद्यापीठाला मानसोपचारातल्या औषध-चाचण्यांची भरती थांबवावी लागली. त्याआधी २००९ मध्येच राज्यानं कायदा करून अशा कोर्टाच्या आदेशाखालच्या रुग्णांना चाचण्यांत घेण्यावर कडक बंधनं घातली होती.

आपल्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट आणखी एक आहे. अभ्यासाची समन्वयक समाजकार्याची परवानाधारक होती. तिनं आपल्या प्रशिक्षणापलीकडची कामं केली, असं परवाना मंडळानं २०१२ मध्ये नोंदवलं. मला विचाराल तर दोष तिच्या एकटीचा नाही. तिला ती कामं करू देणारी व्यवस्था वर्षानुवर्षं सुरळीत चालू होती.

पॉल अ‍ॅपलबाम आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्येच दाखवलं होतं की रुग्ण संशोधनालाच उपचार समजून बसतात. 'डॉक्टर माझ्या भल्याचंच करणार,' ही ती समजूत. नकार दिला तर इस्पितळात अडकू, अशी भीती असेल तर त्या सहीला काय अर्थ?

म्हणून प्रशिक्षणात तीन गोष्टी हव्यात. क्षमतेची तपासणी संशोधनाबाहेरच्या माणसानं करावी, आणि ती एकदाच नव्हे, पुन्हापुन्हा. घरच्यांची तक्रार कुणाकडे जाईल, हे पहिल्या दिवशी ठरलेलं असावं. आणि 'हे माझं काम नाही, मला येत नाही,' असं म्हणणाऱ्या कर्मचाऱ्याची नोकरी सुरक्षित असावी.

आपल्यातले कित्येक जण व्हिसावर आहेत. तोंड उघडणं सोपं नसतं, हे मी जाणते. पण स्क्रीनवरच्या प्रत्येक ओळीमागे एखाद्या आईचा फोन असू शकतो. तो कुणी उचलला का, एवढं तरी विचारूया.