सोळा का जमत नाही?
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील मनोगत)



बँकेत ३६ वर्षं आकडेमोड केली, म्हणून बी विंगमधला पाचवीतला एक मुलगा माझ्याकडे येऊ लागला. वर्गातली गणितं दहा मिनिटांत संपवायचा, मग खोड्या. मी काय केलं? आणखी शंभर गुणाकार दिले! चार दिवसांत त्याचं येणं बंद. चूक माझीच.

मग मुलीने केंब्रिज विद्यापीठाचं ‘एनरिच’ हे संकेतस्थळ दाखवलं. फुकट आहे (बँकवाल्याला ते आधी दिसतं). तिथला एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून त्याच्या दाराखालून सरकवला : १, २, ३ अशा लागोपाठच्या संख्यांची बेरीज करून कोणत्या संख्या मिळतात? १५ तीन प्रकारे मिळते : ७+८, ४+५+६, १+२+३+४+५.

रात्री साडेनऊला बेल. “आजोबा, १६ होतच नाही! ८ पण नाही, ३२ पण नाही. का?” मलाही चटकन सांगता येईना. दोघं अकरापर्यंत बसलो.

पुढच्या इयत्तेचं पुस्तक घाईने हातात देऊ नये, असं माझं मत. प्रश्न इंग्रजीत असतात, ते मराठीत सांगावे लागतात. मोठ्या मुलांसाठी मानखुर्दच्या होमी भाभा केंद्राच्या संकेतस्थळावर ऑलिंपियाडच्या जुन्या प्रश्नपत्रिका आहेत.

रविवारी दहाला आम्ही सोसायटीच्या ऑफिसात बसतो. आणखी कुणी आलं तर सतरंजी मोठी आहे.