नव्या संगणकांतील किरकिर

घरांत नवी वस्तु आली म्हणजे पहिले कांहीं दिवस तिचें कौतुक होतें, आणि तिचे दोषहि त्याच दिवसांत कळूं लागतात. नवा जोडा चावतो, नवें दार कुरकुरतें, आणि नवा संगणक आवाज करतो. जोड्याची व दाराची तक्रार कोणी ऐकून तरी घेतो. संगणकाच्या आवाजाची तक्रार मात्र ऐकणाऱ्यास बहुधा क्षुल्लक वाटते. दिवसां रस्त्यावरील रहदारीच्या व घरांतील बोलण्याचालण्याच्या गलबल्यांत तो आवाज विरून जातो. परंतु रात्रीं दहानंतर, घर निजलें असतां, जो मनुष्य अभ्यासाला किंवा हिशेबाला बसतो त्याच्या कानाशीं तीच बारीक किरकिर एकसारखी चालूं राहिली, कीं त्याचें मन हातांतल्या कामावरून उठतें आणि त्या आवाजापाशीं जाऊन बसतें. अशा माणसाला 'दुर्लक्ष करा' असें सांगणें सोपें असतें. त्याचा उपयोग मात्र होत नाहीं.

हा आवाज येतो तरी कोठून? लोक जिला सरसकट 'सीपीयू' म्हणतात त्या पेटींत फिरणारे भाग फार थोडे असतात. दोनतीन किंवा अधिक पंखे असतात. आणि जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क बसविलेली असेल तर तिच्या तबकड्या फिरतात. मिनिटाला १२०० फेरे घेणारा पंखा सेकंदाला २० फेरे घेतो. त्याला ७ पातीं असलीं तर एकाच जागेवरून सेकंदाला १४० वेळां पातें जातें, आणि तितक्याच कंपनांचा एक मंद स्वर निघतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कचा स्वर १२० कंपनांचा. हे स्वर मुळांत क्षीण असतात. परंतु तंबोऱ्याची तार नुसत्या दोन खुंट्यांना ताणून छेडली तर जेमतेम ऐकूं येते आणि भोपळा लाभला कीं तीच दालन भरून टाकते. त्याप्रमाणें पेटीचा पातळ पत्रा आणि तिच्याखालचें लांकडी टेबल हीं त्या क्षीण स्वराला भोपळ्यासारखीं साथ देतात. पेटीखालीं चौघडी केलेली गोधडी घालावी. आवाज एकदम उतरला तर पुष्कळसा अपराध टेबलाचा आहे असें समजावें.

जें हालत नाहीं तेंहि कधींकधीं बोलतें. पॉवर सप्लायमध्यें आणि ग्राफिक्स कार्डावर तांब्याच्या तारेचीं लहान लहान वेटोळीं असतात. त्यांतून जाणारी वीज जसजशी कमीजास्त होते तसतशी चुंबकीय ओढहि कमीजास्त होते, आणि वेटोळें डोळ्यांस दिसणार नाहीं इतकें थरथरतें. ही थरथर सेकंदाला कांहीं हजारांच्या घरांत गेली कीं तिची बारीक, तीक्ष्ण शीळ होते. तिच्यापासून यंत्रास सहसा अपाय नसतो; उपद्रव होतो तो माणसाला.

आवाजाचें मूळ शोधण्याच्या कामीं मराठी माणसाजवळ एक साधन आयतेंच आहे, तें म्हणजे त्याची भाषा. घरघर, तडतड, टकटक, गुणगुण, खळखळ आणि शीळ हे सहा निरनिराळे शब्द आहेत, आणि संगणकाच्या पेटींत ते बहुधा सहा निरनिराळ्या ठिकाणांकडे बोट दाखवितात. घरघर ऐकूं आली तर पंख्याचें बेअरिंग पाहावें. तडतड म्हणजे पात्याला कांहींतरी लागत आहे. टकटक हार्ड डिस्कमधून येत असेल तर ती धोक्याची सूचना होय. गुणगुण पत्र्याची किंवा टेबलाची. पाण्यानें थंड करण्याची व्यवस्था असेल तर खळखळ ही तिच्या नळींत अडकलेल्या हवेची. आणि शीळ बहुशः वेटोळ्यांची. 'कसला तरी आवाज येतो' असें म्हणणाऱ्या माणसाला दुकानदार काय उत्तर देणार? 'तडतड होते, सुरू केल्यावर पांच मिनिटांनीं होते, आणि पेटी हालविली कीं थांबते' असें जो सांगतो, त्यानें अर्धें काम केलेलें असतें.

पुण्यासारख्या शहरांतील एक कुटुंब उदाहरणादाखल डोळ्यांपुढें आणावें. आजोबा, आजी, त्यांचा मुलगा व सून, आणि दोन नातवंडें. नातू अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे; यंत्रांच्या भागांचीं चित्रें पडद्यावर काढून तीं सर्व बाजूंनीं फिरवून पाहण्याचा त्याचा अभ्यास असतो. त्याच्यासाठीं बरेच पैसे खर्चून नवा डेस्कटॉप घेतला. दुसऱ्याच रात्रीं त्यांतून तडतड ऐकूं येऊं लागली. वडिलांनीं पेटी उचलून दुकानांत नेली. तेथें ती तासभर चालवून पाहिली, आवाज नाहीं. घरीं आणली, आवाज पुन्हां सुरू. असें दोनदां झालें. दुकानदाराला वाटलें, गिऱ्हाईक संशयी आहे. वडिलांना वाटलें, दुकानदार टोलवितो आहे. दोघेहि प्रामाणिक होते, आणि संबंध मात्र तुटावयाच्या बेतास आला.

ज्या आजींनीं चाळीस वर्षें शिवणयंत्र चालविलें होतें त्यांनीं एकच प्रश्न विचारला. "अरे, दुकानांत ती पेटी उभी ठेवतात कीं आडवी?"

दुकानांत ती तपासणीच्या बाकावर आडवी ठेवली जात असे. घरीं टेबलाखालीं उभी. या एका फरकांत सगळें उत्तर होतें. बटण बंद करून व विजेची वायर काढून पेटीची बाजू उघडली, तेव्हां समोरच्या दिव्याकडे जाणारी एक बारीक तार सैल लोंबतांना दिसली. पेटी उभी असली कीं ती तार पंख्याच्या पात्यांना शिवे. आडवी ठेवली कीं दूर पडे. तारेच्या वेष्टनावर घांसल्याची एक चकचकीत रेघहि उमटली होती. आणखी कांहीं महिने गेले असते तर वेष्टन झिजून आंतील तांबें उघडें पडण्याची भीति होती. प्लास्टिकच्या पट्टीनें तार बाजूस बांधली, तडतड थांबली. खर्च कांहीं नाहीं. ज्या दोन ठिकाणीं अनुभव निराळा येतो त्या दोन ठिकाणांत फरक काय आहे, एवढेंच विचारावयाचें होतें.

परंतु घर खरें शांत झाल्यावर दुसरी तक्रार पुढें आली. नातू म्हणाला, चित्र फिरवूं लागलों कीं शीळ ऐकूं येते, डोकें दुखतें. वडिलांनीं कान लावला. त्यांना कांहीं ऐकूं आलें नाहीं. आजोबांनीं पेटीजवळ खुर्ची ओढून दहा मिनिटें ऐकलें. त्यांनाहि कांहीं नाहीं. मग त्यांनीं आपला निकाल दिला. "आवाज यंत्रांत नाहीं, अभ्यास न करण्याच्या इच्छेंत आहे." मुलगा गप्प बसला. त्यानंतर तो घरीं काम करीना; महाविद्यालयांतच उशिरापर्यंत थांबूं लागला, आणि आजोबांचा ग्रह त्यामुळें अधिकच दृढ झाला.

येथें एका जुन्या प्रयोगाची आठवण उपयोगी पडते. इंग्लंडांत फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञांनीं १८७६ च्या सुमारास एक लहानशी शीळ तयार केली. तिचा स्वर चढवीत चढवीत माणसाच्या श्रवणशक्तीच्या पलीकडे नेतां येत असे. निरनिराळ्या वयाच्या माणसांवर ती वाजवून पाहतां त्यांना आढळलें कीं, वय वाढतें तसतसे फार उंच स्वर प्रथम नाहींसे होतात. आणि गंमत अशी कीं, ज्याचे ते स्वर गेलेले असतात त्याला आपलें कांहीं गेलें आहे याची दादहि नसते. निरोगी तरुण कान सेकंदाला सुमारें २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचे स्वर ऐकतो. साठीच्या माणसाला त्यांतील वरचे कित्येक हजार बहुधा ऐकूंच येत नाहींत. त्याचें संभाषण अडत नाहीं, गाणें अडत नाहीं. म्हणून आपला कान पूर्वींसारखाच आहे असें त्याला वाटतें.

त्या घरांत धाकटी नात तेरा वर्षांची होती. आईला एक युक्ति सुचली. नातू घरीं नसतांना तिनें मुलीला भिंतीकडे तोंड करून बसविलें आणि एवढेंच सांगितलें, "बाळ, कांहीं ऐकूं आलें तर बोट वर कर." काय ऐकावयाचें तें सांगितलें नाहीं. वडील पडद्यावरचें चित्र मधूनच फिरवीत, मधूनच थांबवीत. कळ दाबल्याच्या आवाजावरून ती ओळखील, म्हणून मध्येंच ते कळ नुसतीच दाबीत. आजोबा समोर बसून पाहत होते. त्यांच्या कानीं संपूर्ण शांतता होती. चित्र फिरूं लागलें. मुलीचें बोट वर गेलें. थांबलें; खालीं आलें. नुसती कळ दाबली. बोट हाललें नाहीं. असें दहा वेळां झालें, आणि दहाहि वेळां बोट चुकलें नाहीं. आजोबा कांहीं बोलले नाहींत. त्या रात्रीं नातू उशिरा घरीं आला तेव्हां ते जागे होते. आणि उशीर झाल्याबद्दल त्यांनीं त्याला प्रथमच कांहीं विचारलें नाहीं. "तुझी शीळ सांपडली रे" एवढेंच ते म्हणाले.

शीळ सांपडल्यावर ती घालविणें अवघड नव्हतें. चित्र फिरत असतां ग्राफिक्स कार्ड तें सेकंदाला कित्येक शेंकडे वेळां नव्यानें काढीत होतें. डोळ्यांना तितक्याची गरज नसते. कार्डाच्या सेटिंगमध्यें ही संख्या ६० वर आणून ठेवतांच कार्डावरील ओढ कमी झाली आणि शीळ थांबली. प्रत्येक यंत्रांत इतक्यानें भागेलच असें नाहीं. कधीं शीळ फक्त कमी होते, कधीं कार्ड बदलून घ्यावें लागतें. तथापि बदलून मागण्यासाठींहि, आवाज कोणाला, केव्हां व काय करतांना ऐकूं येतो हें सांगतां आलेंच पाहिजे.

शोध करूं इच्छिणाऱ्यांनीं चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, हार्ड डिस्कमधून टकटक ऐकूं आली तर इतर सर्व प्रयोग बाजूस ठेवून आधीं आंतील कागदपत्रें व छायाचित्रें दुसरीकडे उतरवून घ्यावीं. डिस्क बाजारांत पुन्हां मिळते; मुलांचीं लहानपणचीं छायाचित्रें मिळत नाहींत. दुसरी, पॉवर सप्लायचा डबा घरीं कधींहि उघडूं नये. वीज बंद केल्यावरहि त्याच्या आंत कांहीं काळ धोकादायक भार शिल्लक राहतो. तिसरी, एका वेळीं एकच बदल करावा. पंखा, तार आणि गोधडी यांत एकाच दिवशीं फेरफार केला आणि आवाज थांबला, तर तो कशामुळें थांबला हें कधींच कळणार नाहीं. चौथी, कोणताहि भाग विकत घेण्यापूर्वीं जागा निश्चित करावी. पॅरिस येथील डॉक्टर रेने लाएनेक यांनीं १८१६ सालीं कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली, आणि त्यांतून पुढें स्टेथोस्कोप जन्मास आला. तशीच सुरळी एक टोक कानाशीं धरून, बंद पेटीच्या पत्र्यावरून हळूहळू फिरविली तर आवाजाची जागा वीतभर अंतरापर्यंत सहज कळते.

हें सर्व करूनहि कांहीं आवाज उरेलच. तो वाऱ्याचा असेल तर दोष नव्हे. हवा खेळल्यावांचून यंत्र थंड राहत नाहीं. मात्र पंख्याची गति निम्मी केली तर त्याचा आवाज सुमारें १५ डेसिबलांनीं उतरतो, म्हणजे कानाला पूर्वींच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकाच वाटतो. म्हणून लहान पंखा भरभर फिरविण्यापेक्षां मोठा पंखा सावकाश फिरविणें केव्हांहि चांगलें. गति कमी केल्यावर आंतील भाग फार तापत नाहींत ना, एवढें पाहावें म्हणजे झालें.

ज्यांच्या घरीं नवा संगणक येईल त्यांनीं परत करण्याची मुदत संपण्यापूर्वींच एका रात्रीं एवढें करावें. दारें-खिडक्या लावाव्या, छताचा पंखा बंद करावा, आणि घरांतील प्रत्येकाला, विशेषतः लहानांना, एकेक करून त्या यंत्राजवळ पांच मिनिटें बसवावें. काय ऐकूं येतें तें ज्याचें त्यानें कागदावर लिहावें. मग ते कागद शेजारीं शेजारीं ठेवावे. त्यांत एखादा असा आवाज लिहिलेला सांपडेल कीं जो घरांतील वडील माणसांपैकीं कोणालाच ऐकूं आलेला नाहीं. शोधाला प्रारंभ त्याच कागदापासून करावा.