दांताचें मोल
(पॅरिशच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या सभेंत वक्त्यानें देवळाचा इतिहास सांगावा, जुन्या पाद्रीसाहेबांचे गुण आठवावे, असा शिरस्ता आहे. तें काम माझ्यापूर्वी बोललेल्या वक्त्यांनीं उत्तम प्रकारें केलें आहे. मला पालकांशीं चार शब्द बोलावयास सांगितलें आहे, आणि मीं विषय निवडला आहे तो मुलांच्या पडणाऱ्या दांतांचा. कोणी हंसतील. खुशाल हंसावें, परंतु धर्मशिक्षणाच्या वर्गांत माझ्यापुढें बसणाऱ्या मुलांनीं आजवर जे प्रश्न विचारले, त्यांतील सर्वांत कठीण प्रश्न या दांतांतूनच निघालेला आहे.

वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास मुलाचा पहिला दुधाचा दांत हालूं लागतो, आणि बाराव्या वर्षापर्यंत बहुतेक मुलांचे वीसच्या वीस दांत पडून जातात. इकडे दहावे पायस या पोपमहाशयांनीं १९१० सालीं लहान मुलांच्या कम्युनियनसंबंधीं जें फर्मान काढविलें, त्यांत समजुतीचें वय म्हणून सुमारें सातवें वर्ष धरलें आहे. आपल्या घरांतील पहिल्या कम्युनियनचे फोटो काढून पाहा. पांढरा पोषाख, हातांत मेणबत्ती, आणि ओठ घट्ट मिटलेले. कारण पुढचे दोन दांत जागेवर नाहींत! समजूत येते आणि दांत पडतो, तें एकाच सुमारास. माझें सारें म्हणणें या योगायोगावर उभें आहे.

जुनी चाल आपणां सर्वांस ठाऊक आहे. महाराष्ट्रांत पुष्कळ घरीं पडलेला दांत मुलानें स्वतःच्या हातानें कौलांवर भिरकावावयाचा, नाहीं तर उंदराच्या बिळांत टाकावयाचा, आणि उंदीरमामाला विनवावयाचें कीं हा जुना दांत घे व तुझ्या दांतासारखा नवा दे. कोठें शेणाच्या गोळ्यांत घालून तो छपरावर फेकीत. आतां उंदीरच कां? उंदराचे पुढचे दांत जन्मभर वाढत असतात. तो कुरतडून ते झिजवीत राहतो, म्हणूनच त्याचें बरें चालतें. आपल्या आज्यांनीं हें प्राणिशास्त्र पुस्तकांत वाचलें नव्हतें, घरांतील कणगीजवळ पाहिलें होतें. जर्मनीपासून तों पॅसिफिक महासागरांतील रारोटोंगा बेटापर्यंत लोक पडलेला दांत उंदराच्या स्वाधीन करीत, अशी नोंद सर जेम्स फ्रेझर या पंडितानें आपल्या ग्रंथांत केली आहे. या सगळ्या व्यवहारांत पैसा कोठेंच नव्हता. दांताच्या बदल्यांत दांत, एवढाच सौदा.

पुढें घरांचीं कौलें गेलीं. मरोळ, आंबोली, वेसावें, गोराई या गांवठाणांत अजून कांहीं कौलारू घरें तग धरून आहेत. परंतु अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील बहुतेक मुलें आतां उंच इमारतींत वाढतात. चौदाव्या मजल्यावरच्या मुलानें दांत फेकावा तरी कोठें? त्याच्या डोक्यावर जें आहे तें छप्पर नव्हे, वरच्या बिऱ्हाडाची जमीन आहे. उंदीर मात्र अजून आहेत, पण आतां त्यांना मामा म्हणावयास कोणी तयार नाहीं. म्हणून दांत उशीखालीं गेला, आणि इंग्रजी पुस्तकांतून व चित्रपटांतून दांतपरी आपल्या घरीं आली. ती रात्रीं येते, दांत नेते आणि पैसे ठेवते.

ही परी फार पुरातन असेल अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः तिचा छापील उल्लेख सांपडतो तो १९०८ सालच्या ‘शिकागो ट्रिब्यून’ या वर्तमानपत्रांत, गृहिणींस दिलेल्या सूचनांच्या सदरांत. हालणारा दांत काढूं न देणाऱ्या मुलाला परीची लालूच दाखवावी, आणि त्यासाठीं आईनें पांच सेंटांच्या मालांतून लहानसहान वस्तु आणून ठेवाव्या, असा तो सल्ला होता. म्हणजे मूळचा हेतु धीर देण्याचा. तो मला मान्य आहे. तोंडांत पहिल्यानेंच रक्ताची चव आलेलें मूल भ्यालेलें असतें. त्याला हंसविण्यासाठीं उंदीर आला काय आणि परी आली काय, माझी हरकत नाहीं. परी परदेशी आहे म्हणून तिला हांकलून द्या असें म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाहीं. पोशाखापासून पावापर्यंत आपण काय काय परदेशाहून घेतलें, याचा हिशेब त्यांनीं आधीं द्यावा.

खरी पंचाईत पैशानें केली आहे. अमेरिकेंत डेल्टा डेंटल नांवाची दांतांचा विमा उतरणारी कंपनी परीच्या देणगीची पाहणी करीत असते. १९९८ सालीं एका दांताची सरासरी १ डॉलर ३० सेंट होती. २०२३ सालीं ती ६ डॉलर २३ सेंटांवर गेली. आपल्याकडचा भाव मी वर्गांतील मुलांच्या तोंडून ऐकतों. कोणाला दहा रुपये मिळतात, कोणाला शंभर, आणि एखाद्याला पांचशेंची नोट. पांचशेंच्या भावानें वीस दांतांचे दहा हजार झाले! त्याच बांकावर इमारतीच्या पहारेकऱ्याचा मुलगा बसलेला असतो. त्याचाही दांत पडलेला असतो, आणि त्याच्या उशीखालीं कांहींच नसतें. कधीं कधीं उशीही नसते. तो विचारतो, परी आमच्या घरीं कां येत नाहीं? याचें उत्तर मुलें आपसांत देतात, आणि तें ऐकवत नाहीं. परी चांगल्या मुलांकडे येते असें आपणच घरीं सांगितलेलें असतें ना!

या ठिकाणीं एका जेझुइट धर्मगुरूची आठवण होते. स्पेनचा राजा तेरावा आल्फोन्सो हा १८९४ सालीं आठ वर्षांचा होता. त्याचा दांत पडला, तेव्हां राणीमातेच्या सांगण्यावरून फादर लुइस कोलोमा यांनीं त्याच्यासाठीं पेरेझ नांवाच्या उंदराची गोष्ट लिहिली. हा उंदीर माद्रिद शहरांतील आरेनाल रस्त्यावरच्या दुकानांत, बिस्किटांच्या पेटींत राहतो. तो बालराजाला उंदराचें रूप देऊन बरोबर नेतो, आणि त्याला घेऊन जातो कोठें, तर दांत पडलेल्या दुसऱ्या एका मुलाच्या घरीं. तें घर थंडीनें गारठलेल्या दरिद्री माणसांचें असतें. आपल्या राज्यांत अशींही मुलें आहेत आणि तीं आपलीं भावंडें आहेत, हें राजाला त्या रात्रीं कळतें. आरेनाल रस्त्यावरच्या आठ नंबरच्या घराला माद्रिदच्या नगरपालिकेनें २००३ सालीं या उंदराच्या नांवाची पाटी लावली. स्पेनमधील मुलांचे दांत अजून हा उंदीरच नेतो. फादर कोलोमा यांनीं बालराजाच्या दांताची किंमत वाढविली नाहीं. त्याला गरिबाच्या बिछान्यापाशीं नेऊन उभें केलें, हें लक्षांत घ्या.

म्हणून माझी पहिली विनंती अशी कीं, द्यावयाचेंच असेल तर सर्वांनीं एकच लहान नाणें द्यावें. माझ्या मनांत पावली होती, परंतु पंचवीस पैशांचें नाणें ३० जून २०११ नंतर चलनांतूनच गेलें. तर दहा रुपयांचें नाणें असूं द्या. नोट नको, आणि हल्लीं जे पैसे फोनवरून जातात ते सुदैवानें उशीखालीं ठेवतां येत नाहींत.

आतां त्या कठीण प्रश्नाकडे वळतों. पहिल्या कम्युनियनच्या आधीं मुलांना पापनिवेदनाची तयारी करावी लागते, आणि तेव्हां आम्ही त्यांना आठवी आज्ञा शिकवितों: खोटें बोलूं नये. त्याच वर्गांत रक्षक देवदूताविषयींही सांगतों. मग एखादें मूल हात वर करून विचारतें, परी खोटी आहे असें दादा म्हणतो, तर मग देवदूतही खोटा का? बंधुभगिनींनो, हा प्रश्न मुलाच्या दृष्टीनें अगदीं रास्त आहे. दोघेही रात्रीं येतात, दोघांनाही पंख आहेत, दोघेही दिसत नाहींत, आणि दोघांविषयींचा साक्षीदार एकच, ती म्हणजे आई.

उंदीरमामाच्या बाबतींत हा पेंच पडत नसे. अंगणांत सर्वांदेखत दांत फेकला जाई, मोठीं माणसें हंसत, मूलही हंसे. हा खेळ आहे हें कोणी न सांगतां कळे. परीचा खेळ मात्र मूल झोंपल्यावर चालतो. त्यांत हल्लीं पुराव्यांची भर पडते: परीच्या सहीचें पत्र, खिडकींत चकचकीत भुकटी, बनविलेला फोटो. गोष्ट सांगणें निराळें आणि खोटा पुरावा उभा करणें निराळें. पहिलें मी आनंदानें ऐकेन. दुसरें करूं नये असें माझें स्पष्ट मत आहे. आणि मूल जेव्हां खेळाच्या सुरांत नव्हे, तर डोळ्यांत पाहून “खरें सांग” असें म्हणतें, तेव्हां त्याच क्षणीं खरें सांगावें. तें रडेल म्हणून भिऊं नये. नाणें मी ठेवीत होतें, कारण तूं भ्याला होतास, असें आईनें म्हटलें तर मूल फार वेळ रडत नाहीं. बहुधा धाकट्या भावंडासाठीं पुढचें नाणें तेंच ठेवूं लागतें.

दांतांच्या निमित्तानें सांगण्याजोगी एक गोष्ट आपल्याजवळ आहेच. दांतदुखीच्या रोग्यांची आश्रयदाती संत अपोलोनिया. तिचा सण ९ फेब्रुवारीस येतो. इ. स. २४९ च्या सुमारास अलेक्झांड्रिया शहरांत जमावानें या वृद्ध स्त्रीचे दांत पाडले, आणि आमच्यामागून देवनिंदेचे शब्द म्हण, नाहीं तर जाळूं, असें धमकाविलें. तिनें ते शब्द उच्चारले नाहींत. हें कशावरून, असें मुलानें विचारल्यास उत्तर तयार आहे: त्या वेळीं त्याच शहरीं बिशप असलेल्या दिओनिसियस यांनीं हें पत्रांत लिहिलें आणि युसेबियस या इतिहासकारानें तें पत्र जपून ठेविलें. असें उत्तर परीविषयीं देतां येत नाहीं, आणि हा फरक सात वर्षांच्या मुलाला चांगला कळतो.

राहतां राहिला दांत. तो कोठें टाकावा असें आयाबाया मला सभेपूर्वींच विचारीत होत्या. गांवठाणांत कौलें असतील तर कौलांवर. इमारतींत राहणाऱ्यांनीं कुंडींतल्या मातींत मुलाच्याच हातानें पुरावा. खिडकींतून मात्र फेकूं नये. खालून लोक जात असतात.