काळ्या भुईवरची कृत्रिम हिरवळ



धारहून तिरल्याकडे निघाले, की रस्त्याच्या दुतर्फा माळव्याची काळी भुई दिसू लागते. गहू, कापूस, सोयाबीन पिकविणारी ही माती शेतकऱ्याला जितकी प्रिय, तितकीच घर बांधणाऱ्याला नकोशी. हल्ली अंगणात प्लॅस्टिकची हिरवळ अंथरण्याची हौस लहान गावांपर्यंत येऊन पोहोचली आहे. ती काळ्या मातीवर अंथरावयाची झाल्यास काय करावे, एवढ्यापुरतेच आज बोलावयाचे आहे.

ह्या हिरवळीची ख्याती 1966 साली अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी झाली. तेथील छप्पर असलेल्या क्रीडागारात खरे गवत जगेना, म्हणून हे नकली गवत आणले गेले. आपल्याकडे तिची आठवण कडू आहे. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी अशा मैदानावर खेळली गेली आणि 1928 पासून दर वेळी पदक आणणारा आपला संघ सातवा आला. परंतु त्या मैदानांच्या खाली भक्कम बैठक असते. ही गोष्ट अंगणाचा गालिचा विकत घेताना विसरली जाते.

काळी माती ही बेसाल्ट खडक झिजून झालेली. तिच्या सूक्ष्म कणांत पापुद्रे असतात व त्यांच्यामध्ये पाणी शिरले की माती फुगते. वाळली की आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आपली माती किती फुगते ते पाहण्याचा एक सोपा प्रयोग मी मुलांकडून करवितो. वाळवून बारीक चाळलेली माती दहा-दहा ग्रॅम घेऊन दोन मोजनळ्यांत टाकावी. एकीत पाणी भरावे, दुसरीत रॉकेल. (रॉकेल आता सहज मिळत नाही; पण शाळेच्या प्रयोगशाळेत सोडियम बुडवून ठेवण्यापुरते असतेच.) रॉकेलमध्ये माती फुगत नाही. चोवीस तासांनी पाण्यातली माती रॉकेलमधल्या मातीच्या दीडपट किंवा त्याहून उंच दिसली, तर ती फार फुगणारी समजावी.

अशा मातीवर गालिचा नुसताच अंथरला, तर पहिल्याच पावसाळ्यात त्यावर उंचवटे येतात आणि उन्हाळ्यात खळगे. तेही एक वेळ चालेल. खरी धास्ती घराच्या जोत्याची. गालिच्याखालची माती सावकाश वाळते, कडेची लवकर वाळते. एकीकडे ओल, दुसरीकडे भेगा. पागोळ्यांचे पाणी जोत्याशी मुरत राहिले, तर भिंतीला तडा जावयास वेळ लागत नाही. ह्याच मातीपायी रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेला तळाशी फुगवटा असलेले पायाचे खुंट योजावे लागले होते.

म्हणून पैसा गालिच्यावर कमी आणि त्याच्या खाली अधिक खर्चावा. वीस ते तीस सेंटिमीटर काळी माती काढून टाकावी, तळाला जोत्यापासून दूर उतार द्यावा, त्यावर जिओटेक्स्टाइलचे न विणलेले कापड पसरावे. ते नसेल तर खडी हळूहळू चिखलात बुडते. मग मुरूम व खडी थराथराने घालून प्रत्येक थरावर धुम्मस करावी. वर बोटभर दगडी चुरी. मीटरमागे एक ते दोन सेंटिमीटर उतार पुरतो. मात्र तो डोळ्यांनी न ठरविता पाणसळीने तपासावा.

येथे एक गोम आहे. चिकणमातीत खणलेला खड्डा म्हणजे हौदच. वरून झिरपलेले पाणी त्यात साठून राहते, कारण फुगलेली काळी माती पाणी पुढे सोडत नाही. तेव्हा खडीच्या तळाशी भोके असलेली नळी घालून तिचे तोंड खालच्या अंगाच्या चरात काढलेच पाहिजे. शोषखड्ड्याचा उपयोग तो मुरमापर्यंत पोहोचला तरच. मांडवगडच्या जहाज महालातले वळणावळणाचे पन्हळ पाहावयास जाणाऱ्यांनी, त्या कारागिरांनी पाण्याची वाट किती काळजीने आखली होती, हेही पाहावे.

हे काम दिवाळी ते होळी या दरम्यान उरकावे. तेव्हा माती चिखलही नसते आणि भेगाळलेलीही नसते. गालिच्याची कड भिंतीला चिकटवू नये. चार बोटे जागा सोडून तेथे खडी भरावी.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर सगळे अंगण झाकू नये. उन्हाळ्यात हे प्लॅस्टिक भर दुपारी असे तापते, की अनवाणी मुलाला त्यावर उभे राहवत नाही. पाणी शिंपडले तर तेवढ्यापुरता गारवा. झिजलेले तंतू मातीत मिसळतात ते निराळेच. युरोपीय संघाने 2023 साली अशा मैदानांत भरण्याच्या प्लॅस्टिक व रबराच्या कणांवर टप्प्याटप्प्याने बंदी घालण्याचे ठरविले. अंगणासाठी ते कण घेऊच नयेत, धुतलेली वाळू पुरते. कडुनिंबाभोवती आणि तुळशीभोवती माती मोकळी सोडावी. ज्याला खालची बैठक परवडत नाही, त्याने मुरूम चोपून शेणाने सारवलेले अंगण ठेवावे. त्यात कमीपणा नाही.

आणि एवढे करूनही पहिला जोराचा पाऊस आला, की छत्री घेऊन अंगणात उतरावे. पाणी कोठे थबकते, जोत्याकडे वळते का, नळीच्या तोंडातून बाहेर पडते का, ते पाहावे. साचेल तेथे खूण करून ठेवावी. पाऊस सरला की तेवढाच भाग उचलून चुरी भरता येते.