शजरा

आमच्या घरात वंशावळीला ‘शजरा’ म्हणतात. मूळ अर्थ झाड. झाड म्हटलं की माती आलीच.

अमेरिकेत नव्या मुलखात जमीन शोधत फिरलेल्या इंगल्स या शेतकरी कुटुंबाचा शजरा पाहा. चार्ल्स आणि कॅरोलिन यांचं लग्न १८६० सालचं. मेरी आणि लॉरा विस्कॉन्सिनमध्ये जन्मल्या, कॅरी कॅन्ससमध्ये, ग्रेस आयोवात. जन्मगावांवरूनच त्यांच्या गाडीची वाट कळते. मुलगा एकच, फ्रेडी. वर्षाचा होण्याआधीच, १८७६ साली तो गेला. लॉरानं बालपणावर लिहिलेल्या ‘लिटल हाऊस’ पुस्तकांत तो नाही, शजऱ्यात आहे.

लॉराची मुलगी रोज १९६८ साली वारली. तिच्यामागे मूल नव्हतं, मावश्यांनाही मूलबाळ नव्हतं. चार्ल्सचा वंश तिथं थांबला. नाव राहिलं ते लेकीच्या लेखणीमुळं.

पण शजराही सगळं सांगत नाही. १८७० साली कॅरी जन्मली ती जमीन ओसेज आदिवासींची होती. वस्ती करणाऱ्यांच्या रेट्यापुढं त्यांना ती विकून दक्षिणेला जावं लागलं.

शजरा वाचताना आपण फांद्या मोजतो. खालची माती कोणाची होती, हेही एकदा विचारावं.