परीचा झगा आणि गॅसचा दिवा



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा किमान वेतन किंवा बोनस अशी काहीतरी असावी. आम्ही 'बॅले' म्हणालो. ते जरा थबकले आणि म्हणाले, "म्हणजे तो अंगठ्यावरचा नाच?" होय, तोच. यंत्रमागांच्या खडखडाटात हयात घालवलेल्या माणसाने या नाजूक विषयाला हात घालावा का, ही शंका रास्त आहे. आमचे उत्तर एवढेच, की या नाचाचा अर्धा प्राण कापडात आहे, आणि कापडावर बोलण्याचा थोडासा अधिकार आम्हाला पोहोचतो.

१२ मार्च १८३२ रोजी पॅरिसच्या ऑपेरागृहात 'ला सिल्फीद' नावाचा बॅले प्रथम झाला. सिल्फीद म्हणजे वाऱ्यावर राहणारी परी. कथा साधी आहे. स्कॉटलंडमधला एक तरुण लग्नाच्या दिवशी खुर्चीत डुलक्या घेत असतो. परी येते, आणि हे गृहस्थ नवरीला सोडून तिच्यामागे रानात जातात. तिथे एक चेटकीण त्यांना शेला देते. तो अंगावर पडताच परीचे पंख गळतात आणि ती मरते. इकडे नवरीचे लग्न दुसऱ्याशी लागते. आमच्याकडच्या एखाद्या म्हातारीने 'बरे झाले मेल्याचे' म्हणून हा विषय संपवला असता. पॅरिस मात्र वेडे झाले. कारण परीचे काम मारी ताग्लिओनी करीत होती, आणि तिच्या अंगावर घंटेच्या आकाराचा, पोटरीपर्यंत येणारा, पांढराशुभ्र, धुक्यासारखा झगा होता. हा पोशाख चित्रकार यूजीन लामी याच्या नावावर सांगतात.

त्या एका झग्याने पुढची वीस वर्षे रंगभूमीवर पांढऱ्याचे राज्य केले. पऱ्या, भुते, जलदेवता, मेलेल्या नवऱ्या, सगळ्यांचा गणवेश एकच. १८४१ साली 'जिझेल' आला. त्यात लग्नाआधी मेलेल्या मुली रात्री थडग्यातून उठतात आणि सापडेल त्या पुरुषाला मरेपर्यंत नाचवतात. त्याही पांढऱ्यातच. त्याची कथा रचणाऱ्यांपैकी एक असलेला कवी-समीक्षक तेओफिल गोतिए यानेच पुढे कुरकूर केली, की या पांढऱ्या जाळीचा आता अतिरेक झाला आहे!

आता ही तलम जाळी स्वस्तात आली कुठून? तिचा धागा पॅरिसच्या रंगमंचावरून थेट इंग्लंडच्या कारखान्यात जातो. हातांनी विणायची जाळी यंत्रावर विणण्याची युक्ती जॉन हीथकोट या कारागिराने काढली आणि १८०९ साली तिचे पेटंट घेतले. १८१६ साली लफबरो इथल्या त्याच्या कारखान्यात रात्री माणसे शिरली आणि त्यांनी पन्नासच्या वर यंत्रे फोडली. इतिहासात त्यांना 'लडाइट' म्हणतात. त्यांच्यातले काही फासावर गेले. हीथकोट दूर डेव्हन परगण्यात निघून गेला, आणि यंत्रे काही थांबली नाहीत. ती समुद्र ओलांडून फ्रान्समध्ये कॅले बंदरापर्यंतही पोहोचली. पूर्वी राजघराण्यातल्या बायकांच्या अंगावरच दिसणारी जाळी अशी वाराच्या भावाने मिळू लागली. एक परी नटवणे कोणालाही जमते; ताफाच्या ताफा एकाच वेळी पांढऱ्या ढगासारखा उभा करायचा तर मागे यंत्र हवे.

दुसरे यंत्र दिव्याचे. पॅरिसच्या ऑपेरात १८२२ साली गॅस आला. मेणबत्ती कमीजास्त करता येत नाही, गॅसची तोटी फिरवता येते. १८३१ साली एका ऑपेरात मेलेल्या जोगिणी थडग्यातून उठून नाचतात असा प्रवेश झाला, आणि त्या मंद निळसर चांदण्याने प्रेक्षकांच्या अंगावर काटा आला. पांढरी जाळी आणि गॅसचे चांदणे, एवढ्या भांडवलावर एक युग उभे राहिले.

आणि फॅशन! लंडनात ताग्लिओनीच्या नावाचा ओव्हरकोट निघाला आणि तो पुरुष घालीत. तिच्या नावाची घोडागाडी रस्त्यावर धावू लागली. पॅरिसमध्ये 'ला सिल्फीद' नावाचे फॅशनचे नियतकालिक निघाले. पुढे राणी झालेली छोटी व्हिक्टोरिया आपल्या लाकडी बाहुल्यांना नर्तकींचे पोशाख चढवीत बसे. रशियात तर काही भक्तांनी ताग्लिओनीचे बूट शिजवून, वर रस्सा घालून खाल्ले, असे सांगतात. याला पुरावा फारसा नाही, पण आपल्याकडे बालगंधर्वांची लकब आणि लुगडे नेसण्याची तऱ्हा घरोघर उचलली गेली हे ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे, त्यांना हे अगदीच अशक्य वाटणार नाही. गंमत अशी, की आपल्याकडे पुरुष बायकांची कामे करून गाजत होते, तर तिकडे पुढे पुढे पुरुष नर्तक लोकांना नकोसे झाले आणि बायकाच पुरुषाचा वेष घेऊ लागल्या. १८७० च्या 'कोपेलिया'त नायक म्हणून एक बाईच उभी राहिली.

मानापमानाचे तर पुसूच नका. १८४५ साली लंडनचा थिएटर-मॅनेजर लम्ली याने ताग्लिओनी, ग्रिसी, चेरितो आणि ग्रान अशा चार मानिनी एकाच नाचात उभ्या केल्या. शेवटी एकटीने नाचण्याचा मान सर्वांत मोठा. तो ताग्लिओनीला द्यावा हे सर्वांना मान्य. तिच्या आधीची जागा कोणाची, यावरून ग्रिसी आणि चेरितो हटून बसल्या. लम्लीने तोडगा काढला, की वयाने जी मोठी तिला ती जागा. तो लिहितो, की मग दोघीही एकाएकी विलक्षण उदार झाल्या! सेवाज्येष्ठतेच्या तंट्यात आम्ही पुष्कळ मध्यस्थ पाहिले, इतका हुशार एकही पाहिला नाही.

आता ही वाऱ्यावरची परी कशी घडली तेही ऐका. ताग्लिओनीला पोक होते, हात वाजवीपेक्षा लांब होते. बाप स्वतः नृत्यशिक्षक. व्हिएन्नात त्याने तिच्याकडून रोज सहा-सहा तास मेहनत करून घेतली, आणि लांब हात दिसू नयेत म्हणून ते घडी घालून खाली ठेवण्याची नवी ढब बसवली. तीच पुढे सौंदर्याची खूण ठरली. आजच्यासारखा कडक टोकाचा बूट तेव्हा नव्हता. साटिनची मऊ सपाता, तिच्या टोकाला सुईने दाट रफू केलेले, आणि त्यावर सगळा भार. मागच्या रांगेत नाचणाऱ्या पोरींना पॅरिसमध्ये 'छोटे उंदीर' म्हणत. त्या गरिबाघरच्या. १८३१ साली व्यवस्थापक झालेल्या व्हेरोनने नर्तकींच्या सरावाचे दालन धनिक वर्गणीदारांना खुले केले. का, ते या सभेत फोडून सांगायला नको. टाळ्यांचासुद्धा ठेकेदार होता. ऑग्युस्त नावाचा तो इसम मॅनेजरबरोबर बसून कुठे किती टाळ्या पडायच्या हे आधी ठरवी आणि आपली भाडोत्री माणसे प्रेक्षागृहात पेरी.

पऱ्या उडत त्या तारांवर. एकदा 'सिल्फीद'च्या प्रयोगात दोघी मध्येच अडकून अधांतरी लोंबकळत राहिल्या. छतावरून एक कामगार दोरीने, जिवावर उदार होऊन उतरला आणि त्याने त्यांना सोडवले. ताग्लिओनी पुढे आली आणि म्हणाली, "मंडळी, कोणाला इजा झालेली नाही." मुक्या नाचातले तिचे हे एवढेच बोलणे. इजा नेहमीच टळली असे मात्र नाही.

उघडी ज्योत आणि तलम सुती जाळी, पंख्यासारखा फिरणारा घेर, आणि मधे हातभर अंतर. कापडखात्यातल्या माणसाला याहून जास्त सांगावे लागत नाही. डिसेंबर १८४४ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात क्लारा वेब्स्टर या तरुण नर्तकीचा झगा दिव्याला लागला; तीन दिवसांनी ती गेली. १८५९ साली फ्रान्समध्ये सरकारी हुकूम निघाला, की रंगमंचावरचे पडदे आणि पोशाख आग न धरणाऱ्या द्रावणात बुडवलेच पाहिजेत. हुकूम चांगला. पण द्रावणातून काढलेली जाळी ताठ होई, मळकट दिसे. परी उडेना.

तेव्हा पॅरिसची उगवती तारका होती एमा लिव्ह्री, म्हाताऱ्या ताग्लिओनीची लाडकी शिष्या. तिच्यासाठी ताग्लिओनीने १८६० साली 'फुलपाखरू' नावाचा बॅले बसवला. त्यात ज्योतीवर झेपावून फुलपाखराचे पंख जळतात. त्याच साली एमाने व्यवस्थापकांना लिहून दिले, की मी माझ्या नेहमीच्याच झग्यात नाचेन आणि जे काही होईल त्याची जबाबदारी माझी. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी तालमीच्या वेळी बसल्या जागी तिने झगा सावरला, त्या वाऱ्याने विंगेतल्या गॅसच्या ज्योतीने पेट घेतला, आणि ती जळत रंगमंचभर धावली. आठ महिने यातना भोगून २६ जुलै १८६३ रोजी ती वारली. वय अवघे वीस.

पुस्तके सांगतात, की तिने हट्ट केला. श्रोतेहो, 'कामगाराने स्वतःच हातमोजे घातले नव्हते' हे वाक्य आम्ही अपघातांच्या चौकशांत इतक्या वेळा ऐकले आहे, की त्यापुढचे वाक्यही आम्हाला पाठ आहे. ज्याची मजुरी मीटरवर आहे तो हात अडखळवणारा मोजा काढणारच. एमाची मजुरी हलकेपणावर होती. समीक्षक हलकेपणा मोजत, वर्गणीदार त्याचे पैसे देत, ऑग्युस्तसारखे त्यावर टाळ्या पिकवीत. ताठ झग्यातली परी दुसऱ्या दिवशी मागच्या रांगेत गेली असती. आणि तिच्याकडून ते पत्र आल्यावर व्यवस्थापकांनी ते ठेवून का घेतले? हुकूम सरकारचा होता, तो तिच्या सहीने कसा रद्द झाला? विंगेतल्या ज्योतीभोवती तारेची जाळी बसवायला तर कोणाच्याही सौंदर्याची आडकाठी नव्हती. ज्योत झाकण्याऐवजी पोरीलाच झाकायचे ठरले, तिथेच पहिली चूक झाली असे आमचे मत आहे.

आजारपणात तिला कोणी त्या द्रावणातल्या झग्यांविषयी विचारले. धोका कमी असतो हे खरे, पण पुन्हा रंगमंचावर गेले तर मी ते घालणार नाही, फार कुरूप दिसतात, असे ती म्हणाल्याची नोंद आहे. तिच्या त्या दिवशीच्या पोशाखाच्या जळक्या चिंध्या पॅरिसच्या ऑपेराच्या संग्रहालयात एका लहानशा पेटीत जपून ठेवल्या आहेत.